व्यवसायाचा रकाना

२००६ साली ग्रीनकार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला सुलभाताई मुलाबरोबर नेपरव्हिलहून शिकागोला गेल्या. रांगेत त्यांच्या पुढे एक चिनी आजोबा होते. मशीन काही केल्या त्यांची बोटं वाचेना. क्लार्कबाईनं बोटं पुसून पाहिली, क्रीम लावून पाहिलं, मशीन ढिम्म.

आजोबांच्या मुलीनं इंग्रजीत काहीतरी समजावलं. शार्दूलनं ते आईला मराठीत सांगितलं, "चहाचे शास्त्रज्ञ आहेत ते. पण चहा भाजतात जुन्या पद्धतीनं, तापलेल्या कढईत, नुसत्या हातानं. चाळीस वर्षं. त्यात ठसे झिजलेत."

क्लार्कबाईनं कौतुकानं मान हलवली आणि फॉर्मवर तसं लिहून घेतलं.

मग सुलभाताईंचा नंबर लागला. मशीन त्यांचीही बोटं वाचेना.

"यांचा व्यवसाय?" क्लार्कबाईनं विचारलं.

"नथिंग. हाउसवाइफ," शार्दूल म्हणाला. फॉर्मवरही त्यानं तेच भरलं होतं.

आजोबा अजून बाजूलाच उभे होते. त्यांनी खुणेनं सुलभाताईंचा हात मागितला, बोटांची टोकं उजेडात धरून निरखली आणि मुलीशी काहीतरी बोलले. तिनं ते इंग्रजीत सांगितल्यावर शार्दूल जरा घुटमळला.

"काय म्हणतायत?" सुलभाताईंनी विचारलं.

"विचारतायत, तू किती वर्षं चहा भाजतेस."

"सत्तेचाळीस," सुलभाताई म्हणाल्या. "पण चहा नाही म्हणावं. भाकऱ्या."