कुणाचा हात

पत्र्याचं शेड बारशाच्या बायांनी भरून गेलं होतं, आणि पोरीचा आजा शेषेराव बाहेर टँकरखाली लोकांच्या घागरी भरत उभा होता. मे महिन्याचं ऊन, पायांत काही नाही. आत त्याच्या लेकीची, पुनमची, तान्ही मुलगी साडीच्या झोळीत निजली होती. बारा दिवसांत त्यानं तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

"आवो, उदगीरचे रियाजभाऊ आलेत," साखराबाईनं दारातून नवऱ्याला हाक मारली. "आज तरी ठेवा की त्या घागरी."

"एवढी शेवटची," शेषेराव म्हणाला आणि आणखी तीन भरल्या.

भूकंपाला आठ महिने झाले होते. गावाचा ढिगारा झाला, त्यात दीड दिवस मातीखाली राहिलेल्या शेषेरावाला मदतीला आलेल्या रियाजनं जिवंत काढलं. शेजारचे महादेवप्पा गेले. दारात आलेल्याला उपाशी न पाठवणारे, मुंगीलाही वळसा घालून जाणारे महादेवप्पा. आणि त्यांच्या लिंबाचा पाला आपल्या अंगणात पडतो म्हणून आदल्याच संध्याकाळी त्यांना नाही नाही ते बोललेला शेषेराव वाचला. देवानं काहीतरी बघून वाचवलं असेल, नाहीतर चुकून. चूक असली तर ती देवाच्या ध्यानात यायच्या आत आपण त्या लायकीचं व्हायला पाहिजे, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं. तेव्हापासून तो अनवाणी चालायचा, एकदाच, तेही तुपाविना जेवायचा, पहाटे देवळाची झाडलोट करायचा, दिवसभर कुणाकुणाचं पाणी भरायचा. लोक आता त्याच्या पाया पडत. घरात मात्र त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

रियाजनं टेम्पोतून लोखंडी पाळणा उतरवला. उदगिरात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. पाळणा त्यानं स्वतः बनवला होता, वर चार चिमण्या जोडल्या होत्या. बाया पाळण्याभोवती गोळा झाल्या. शेषेरावानं रियाजला हाताला धरून शेडच्या मागं, सावलीला नेलं.

"रियाजभाऊ, एक इचारू का? लई दिवसांपासून डोक्यात हाय."

"इचारा की, मामा."

"एवढा ढिगारा, एवढी मानसं. तुम्ही मलाच काढलं. काय दिसलं तुम्हाला माझ्यात?"

"हात दिसला."

"कसा हात?"

"हात, मामा. मनगटापर्यंत वर आलेला. मातीनं भरलेला. बाईचा का गड्याचा, तेबी कळत न्हवतं."

"आन मग?"

"मग काय, उकरलं आन ओढला."

 हे उत्तर शेषेरावानं कधी मनात धरलं नव्हतं. "आन महादेवप्पा?" त्यानं हळूच विचारलं.

रियाजनं मान खाली घातली. "त्यांचा हात दिसला आसता तर तोबी ओढला आसता. न्हाई दिसला, मामा. लई शोधलं आमी."

आत बाया पाळण्याला फुलं बांधत होत्या. बांगड्या वाजत होत्या.

"पन देवानं काय बघितलं आसंल?" शेषेराव म्हणाला.

"त्याचं त्याला ठाऊक. माझं इचारताव तर, नाव तरी इचारलं का मी तुमचं? मानूस चांगला आसंल तर काढू, न्हाईतर माती लोटू, आसं कुठं आसतंय?" रियाज थांबला. त्याच्या मिशीखाली हसू आलं. "आन खरं सांगू का? बाहेर काढल्या काढल्या तुम्ही मला शिवी दिली."

"मी?"

"तुम्हीच. खांदा दुखला म्हनून. आईवरून. लई घाण."

"आरं देवा."

"मला तर लई बरं वाटलं. म्हनलं, मानूस जित्ता हाय! पन हात सोडला का मी?"

शेषेरावाच्या ओठांचा आधी चंबू झाला. मग पोट हललं. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला आणि असा हसू लागला की पत्रा थरथरला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. साखराबाई घाबरून धावत आली.

"आवो, काय झालं? काय झालं ह्यांना?"

"मी ह्यांना... शिवी दिली म्हनं..." एवढंच त्याला बोलता आलं, आणि पुन्हा हसण्याची उबळ आली. साखराबाईला काही समजलं नाही, पण बघता बघता तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली.

शेषेराव उठला, डोळे पुसले आणि सरळ आत गेला. पुनमनं लेक त्याच्या हातांत दिली. पोरगी झोपेतच तोंड वेडंवाकडं करत होती. बारा दिवसांत तिनं दूध पिण्यापलीकडं काही केलं नव्हतं, आणि अख्खी वस्ती तिच्यासाठी जमली होती. पाळण्याचं गाणं संपेपर्यंत त्यानं तिला खाली ठेवलंच नाही. शेवटी नाव कानात सांगायला आत्याला ती ओढून घ्यावी लागली.

पंगत बसली. एरवी जेवणावळीत वाढप्यांच्या पुढं असणारा शेषेराव आज रियाजशेजारी मांडी घालून बसला. साखराबाई तुपाची वाटी घेऊन आली, क्षणभर नवऱ्याकडं बघितलं आणि त्याच्या पोळीवर धार धरली. आता नवरा हात आडवा करील म्हणून ती थांबून थांबून ओतत होती.

शेषेरावानं हात आडवा केला नाही. तुपाची धार पडत होती आणि तो नुसता बघत होता.