कुशीवरचे टाके

भूल उतरली तसा कवडूने आधी उजव्या कुशीवर हात फिरवला. पट्टी नव्हती. टाकाही नव्हता.

"भाऊ, मले चिरलंच नाही गा."

नत्थूने चादर उचलून स्वतः पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला.

त्याची स्वतःची कूस बरगडीखालून बेंबीपर्यंत उसवून शिवलेली होती. त्याचाही मुतखडा असाच अडकला होता. खडा निघाला, पण कुशीतला जोर गेला तो गेलाच. इतवारीच्या धान्यबाजारात भरलं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा नत्थू आता तिथेच फाटकी पोती शिवत बसे. कोणी विचारो न विचारो, बंडी वर करून टाके दाखवी. ऑपरेशन म्हणजे हेच, ही त्याची खूणगाठ. पोती आता धाकटा भाऊ कवडू उचलायचा आणि दोघांचं घर त्याच्या पाठीवर चालायचं.

सकाळी डॉक्टर म्हणाले होते, "खडा बराच खाली सरकलाय. आधी लघवीच्या वाटेने तारेची जाळी घालून बघू. नाहीच आला, तर कूस उघडावी लागेल." जाळीचं बोलणं म्हणजे रडत्या पोराची समजूत, असंच दोघांना वाटलं होतं.

"डॉक्टरायनं हात टेकले वाटते," नत्थू पुटपुटला. "तुहा खडा माह्यापेक्षा वंगाळ असन." आणि तो दुपट्ट्यात तोंड खुपसून रडायला लागला.

तेवढ्यात डॉक्टर आले. "अहो, रडताय कशाला?"

"साहेब, याले उघडलं काहून नाही?"

डॉक्टरांनी खिशातून छोटी बाटली काढली. तळाशी तुरीच्या डाळीएवढा काटेरी खडा होता. "उघडायचं कशाला? जाळीतच आला. लघवी थोडी लाल होईल, घाबरू नका."

"अन् पोतं? उचलता येईन का?" कवडूने विचारलं.

"थोडे दिवस आराम करा, मग खुशाल उचला."

कवडूला हसू फुटलं. हसताना खाली चरचरलं, तरी तो हसतच राहिला. नत्थूने बाटली उजेडात धरून हलवली. खडा काचेवर टिकटिकला. मोठ्ठा सुस्कारा टाकून त्याने डोळे पुसले.

"किती टाके पडले गा?" शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

सवयीने नत्थूचा हात बंडीकडे गेला. मग त्याने ती खाली ओढून धोतरात नीट खोचली.

"एकई नाही, बाप्पा. एका घरात एक शिवलेलं पोतं पुरे."