पंचवीस अक्षरे

फोनवरच्या ध्वनिमुद्रित बाईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि जयंतराव मुळ्यांनी तिसऱ्यांदा फोन ठेवून दिला.

प्रश्न साधा होता. विंडोजची ही प्रत किती संगणकांवर आहे? ‘एक’ म्हटले की सुटका होती. पण ते खोटे ठरले असते.

हा संगणक त्यांनी सुटे भाग जमवून स्वतः उभा केला होता. निवृत्त झाल्यावर आपण संगणक बांधणार, हे ते विभागात वर्षभर सांगत होते. चार वर्षे तो बिनतक्रार चालला. या मे महिन्यात मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले. सोनागिरीच्या बाजारातून नवा बोर्ड आणून त्यांनी बसवला. हार्ड डिस्क जुनीच, पण बोर्ड बदलला म्हणजे विंडोजच्या लेखी संगणकच नवा. विंडोजने परवान्याची पंचवीस अक्षरे पुन्हा मागितली आणि कंपनीला फोन करून खात्री करायला सांगितले.

अक्षरे त्यांना पाठ होती. फक्त ती त्यांची नव्हती.

कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी तेहतीस वर्षे काढली. केसाएवढी भेग दिसली तरी ओतीव भागावर लाल फुली मारायची, मग वरून कोणाचाही फोन येवो. त्याच हाताने त्यांनी निवृत्तीनंतर महिन्याभरात ही अक्षरे चोरली. विभागातला जुना सोबती नीळकंठ याच्या घरी ते बसले होते आणि तो चहा टाकायला आत गेला होता. त्याच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा होता, आत विंडोजचा खोका, वरचे प्लास्टिक कापलेले. जयंतरावांच्या संगणकाची तीस दिवसांची मुदत संपत आली होती. त्यांनी आतल्या डबीवरची अक्षरे पाण्याच्या बिलामागे उतरवून घेतली.

घरी येऊन टाकली, तर पहिल्या फटक्यात लागली. एक परवाना, एक संगणक. दुसऱ्याला नकार मिळायला हवा होता. तो का मिळाला नाही, याचा त्यांनी शोध घेतला नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी एक तपासणी अर्धवट सोडली.

तेव्हापासून नीळकंठबरोबरचे संध्याकाळचे फिरणे बंद झाले. नीळकंठनेही कधी कारण विचारले नाही. गणपतीच्या आरतीला दिसला तर चपला शोधायच्या निमित्ताने वळायचा. जयंतरावांनी त्याचा एकच अर्थ लावला होता. त्याला कळले आहे.

“भांडलात की काय दोघं?” त्यांच्या पत्नी मालतीबाई अधूनमधून विचारत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. निरोपसमारंभात विभागातर्फे मिळालेले ते घड्याळ. भेट आणण्याचे काम नीळकंठकडे होते, आणि मंचावर ती हातात देताना त्याचाच चेहरा पडला होता. उन्हाळ्यात घड्याळ मागे पडे.

गेल्या आठवड्यात बिट्टन मार्केटमध्ये विभागातला शंकर तिवारी भेटला होता. “मुळे साहब, हम लोगों का गिफ्ट काम आ रहा है न?”

“रोज देखता हूँ भाई. बस, गर्मी में थोड़ा पीछे चलता है.”

तिवारी जरा गोंधळला, मग हसला. “चार साल हो गए, अब नया वाला डलवा लीजिए.”

जयंतरावांना वाटले, घड्याळातल्या सेलबद्दल बोलतोय.

चौथ्यांदा फोन उचलण्याऐवजी त्यांनी चपला घातल्या. तीन ओळी पलीकडे नीळकंठचे क्वार्टर होते. दार त्यानेच उघडले. त्यांना पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

जयंतरावांनी बसण्याचीही वाट पाहिली नाही. खण, डबी, पाण्याचे बिल, सगळे क्रमाने सांगितले. मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, “चार वर्षं मी तुझ्या परवान्यावर काम करतोय, नीळकंठ. तुझा संगणक माझ्यामुळे अडला असेल.”

“नाही अडला.”

“असं कसं होईल?”

“मी ती प्रत कधी लावलीच नाही,” नीळकंठ म्हणाला. “प्लास्टिक कापलं, आणि पुढे धीर झाला नाही. तू बस. आज मलाच सांगू दे.”

पण सांगण्याऐवजी तो आत गेला आणि विंडोजचा तोच खोका घेऊन आला. बरोबर घडी घातलेला चमकीचा कागद होता. तो त्याने जयंतरावांच्या पुढ्यात उलगडला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

कागदाच्या कोपऱ्यावर चिठ्ठी अजून चिकटलेली होती. अक्षर शंकर तिवारीचे होते.

‘श्री जयंत मुळे को, आपके नए कंप्यूटर के लिए. निरीक्षण विभाग के सब साथी.’