दगडाची पलीकडची बाजू

जुन्या काळचे लोक पाडायचे तसं कठीण दगडाला आरपार भोक पाडायचं, असं मी आणि दादानं ठरवलं होतं. तांब्याची नळी, ओली वाळू आणि नळी फिरवायला दोरीची कमान, बस्स. सकाळी तळघरात मी एका बाजूनं घासायचे, दुपारी तो पलीकडून. मध्ये गाठ पडणार होती.

रोज दुपारी मी वर जेवायला गेले की खालून वाळूची खरखर ऐकू यायची. भाऊ राबतोय म्हणून मी खुळी त्याचं ताट झाकून ठेवायचे. तोही ते चाटूनपुसून संपवायचा.

आज माझी नळी अचानक पोकळीत गेली. आनंदानं मी दगड पालथा केला.

पलीकडची बाजू गुळगुळीत होती. साधा ओरखडाही नव्हता.

दादा तळघराच्या उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"तू हातसुद्धा लावला नाहीस?"

"पहिल्या दिवशी आलो होतो गं. तेव्हा दगडाच्या आतून खरखर चालू होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

त्यानं दार ओढून घेतलं.

"आतून कुणीतरी विचारलं, समोर कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं," तो म्हणाला आणि त्यानं बाहेरून कडी घातली.