पहिलं नाव

काचेत अणू कसे बसलेले असतात, हे शोधण्यात झ्लात्काची सव्वीस वर्षं गेली. सोफियातल्या त्या संस्थेचे संचालक पेन्चेव यांनी जन्मात कधी भट्टीचं दार उघडलं नव्हतं, पण तिच्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव त्यांचंच असायचं.

या खेपेला तिनं त्यांना बजावलं, "सर, या नव्या काचेवरचा लेख छापू नका. नमुन्यातले अणू शिस्तीत रांगा लावून बसलेत, स्फटिक तयार झालेत. ती आता काच राहिलेली नाही."

"फार शहाणी झालीस! तुझं नावच काढून टाकतो."

"खुशाल काढा," ती म्हणाली.

लेख छापून आला, पेन्चेवांचा सत्कार ठरला. भाषण रंगात आलं असताना प्रागहून आलेले एक म्हातारे शास्त्रज्ञ उठले. "महाशय, ही काच नाहीच. यात तर सरळसरळ स्फटिक आहेत!"

सभागृहात हशा पिकला. पेन्चेवांनी घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला अहो-जाहो केलं. "डॉक्टर, तुम्ही जरा समजावून सांगता का यांना?"

झ्लात्का उठली. पेन्चेवांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. प्रागच्या पाहुण्यांना म्हणाली,



"म्हणजे या स्फटिकांवर मी एकटीच्या नावानं छापलेला लेख तुम्ही वाचलात तर!"