पाण्यातला गणपती

भल्या सकाळी अच्युतरावांनी देवघरातला गणपती पाण्यात घालून ठेवला आणि टीव्हीसमोर बसून अमेरिकेतल्या मुलाला फोनवर तसं सांगितलं. मागणं काय केलं, ते मात्र सांगितलं नाही.

"मग आज बेसबॉलची फायनल आपलीच, अण्णा!"

बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण एरवी दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणणारा मुलगा सात सामन्यांच्या या फायनलच्या आतापर्यंतच्या पाचही सामन्यांना तीन-तीन तास फोनवर त्यांच्यासोबत बसला होता. आज त्याची टीम हरली, तर उद्या आणखी एक सामना होता.

नऊच्या सुमाराला मुलगा फोनवर ओरडला, "अण्णा, जिंकलो! पावला तुमचा गणपती!"

अच्युतरावांनी पाण्यातल्या मूर्तीकडे पाहिलं. "पुढची मॅच कधी रे?"

"आता एकदम पुढच्या वर्षी. बरं, ठेवतो."