सरावाचा पेशंट

हॅम्बर्गमध्ये नर्स असलेली तनया पेशंटची औषधं तपासण्याचा वरचा कोर्स करत होती. रोज स्वयंपाक करताना ती सासूबाईंना खोटा पेशंट करून सराव करायची.

"आजी, घरून आणलेल्या काही गोळ्या घेता का?"

"छे हो सिस्टर, मी ठणठणीत आहे!"

"गेनाऊ, बरोबर," म्हणत तनया पुढच्या प्रश्नाकडे वळायची.

तनया पास झाली त्याच आठवड्यात सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं, आता कायमचं. गुडघ्यांसाठी साताऱ्याहून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्या वर्षभर खात होत्या. त्यात किडन्या गेल्या.

"अहो आई, मी रोज विचारत होते ना!" तनया रडत म्हणाली.

सासूबाईंनी तिचा हात धरला.



"ते पेशंटला गं. मला कधी विचारलंस?"